रंग येतो, झोन येत नाही: पानांच्या अर्कातल्या चांदीच्या नॅनोकणांचं दरवर्षीचं दुखणं

जानेवारी उलटला की आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरचं कोणीतरी पेट्री प्लेट ट्यूबलाइटसमोर धरून, डोळे बारीक करून, वेलभोवती, म्हणजे अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) थरात पाडलेल्या छोट्या भोकाभोवती, नसलेलं वर्तुळ शोधत असतं. पानांच्या अर्कातून केलेले चांदीचे नॅनोकण त्या भोकात घातलेले असतात; ते जिवाणू मारत असतील तर भोवती वाढ नसलेलं स्वच्छ वर्तुळ, म्हणजे झोन, दिसायला हवं. "मॅडम, रंग कसला भारी आला होता, अगदी कोऱ्या चहासारखा. पण झोनच नाही." आणि लगेच पुढचं: "वनस्पती बदलून बघू का?"

नका बदलू. तुळशीने दगा दिला म्हणून कडुलिंब, कडुलिंब चालला नाही म्हणून शेवगा, असं करता करता मार्च संपतो आणि हातात चार अर्धवट प्रोजेक्ट उरतात. हा खेळ इतकी वर्षं बघून माझं एक मत झालंय: दोष पानात क्वचित असतो, बहुतेक वेळा तो मिठात असतो. पाण्यातलं मीठ, काचेवरचं मीठ, पानातलं मीठ, अगारमधलं मीठ. चांदीच्या आयनाला क्लोराइड दिसलं की तो बाकी सगळी कामं सोडून त्याला जाऊन चिकटतो. तुमची चांदी कुठे कुठे अशी अडकते, ते एकेक करून बघू.

कृती सगळ्यांना पाठ असते, तरी आकडे एकदा समोर असू द्या. १० ग्रॅम धुतलेली पानं, १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, पंधरा-वीस मिनिटं उकळायचं, गार करून व्हॉटमन नंबर १ फिल्टर पेपरमधून गाळायचं. १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे लिटरला ०.१७ ग्रॅम, ९० मिली घ्यायचं, त्यात १० मिली अर्क घालायचा आणि अंधारात ठेवायचं. पानातली पॉलिफेनॉल्स, फ्लेवोनॉइड्स, शर्करा चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, आयनांची धातूरूप चांदी होते, आणि अर्कातलेच काही रेणू त्या कणांवर पांघरूण घालून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत.

यात नवलाई काही उरलेली नाही. २००३ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोच्या विद्यापीठात लसूणघासाच्या रोपांत चांदीचे नॅनोकण बनलेले दिसले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री यांच्या गटाने कडुलिंबाच्या पानांच्या काढ्यातून सोन्याचे आणि चांदीचे कण केले, ते २००४ साली प्रसिद्ध झालं. त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. "ही वनस्पती आजवर कोणी वापरलेली नाही" एवढ्यावर भागायचे दिवस गेले. परीक्षक आता सगळ्यात आधी कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी लावलेले नमुने, विचारतात.

रंगावर भुलू नका

कापलेलं वांगं ताटात ठेवलं की दहा मिनिटांत तपकिरी पडतं. त्यात चांदी नसते. पानाचा अर्कही तसाच, नुसता उघडा ठेवला तरी काळवंडतो. म्हणून "रंग बदलला" हे वाक्य एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. तीन फ्लास्क एकाच वेळी लावा: एकात अर्क आणि सिल्व्हर नायट्रेट, दुसऱ्यात तेवढाच अर्क आणि साधं डिस्टिल्ड वॉटर, तिसऱ्यात नुसतं सिल्व्हर नायट्रेट. तिघांनाही फॉइल गुंडाळा आणि शेजारी शेजारी ठेवा. दुसरा फ्लास्कही पहिल्याइतकाच तपकिरी झाला, तर तुम्ही चांदीचा नव्हे, पॉलिफेनॉलच्या ऑक्सिडेशनचा फोटो काढलाय.

यूव्ही-व्हिजिबलवर, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं हे मोजणाऱ्या यंत्रावर, चांदीच्या गोलसर कणांचं शिखर साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात येतं. इथे दोन चुका नेहमीच्या. एक, ब्लँक म्हणून, म्हणजे यंत्राचं शून्य लावायला, पाणी घेतात. घ्यायला हवा तितकाच पातळ केलेला अर्क, नाहीतर अर्काचं स्वतःचं शोषण त्या शिखरात मिसळतं. दुसरी, नमुना पातळ न करताच क्युव्हेटमध्ये ओततात. ॲबसॉर्बन्स (शोषणाचं माप) दोनच्या वर गेला की शिखराचा माथा सपाट होतो, आणि मग विद्यार्थी तो आलेख मला दाखवून म्हणतात, "मॅडम, ब्रॉड पीक आहे." ते शिखर रुंद नाही, कापलं गेलंय. दहापट पातळ करून पुन्हा घ्या.

आणखी एक सापळा सोडियम हायड्रॉक्साइडचा. पीएच वाढवला की अभिक्रिया झपाट्याने होते, कणही सहसा लहान येतात, म्हणून हात सैल सुटतो. पण सिल्व्हर नायट्रेटमध्ये नुसता अल्कली घातला तरी तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड खाली बसतं. पानाचा काही संबंधच नाही आणि रंग मात्र हवा तसा! पीएच वाढवणार असाल तर तेवढाच अल्कली घातलेला, अर्काविनाचा चौथा फ्लास्क लावाच. अमोनिया वापरून पीएच वाढवायचा मोह कोणाला झाला तर साफ नाही म्हणा. अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट ठेवून दिलं तर त्यात स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. टॉलेन्सचा रिएजंट, म्हणजे असंच अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट, ताजा करून त्याच दिवशी का संपवतात, ते यामुळेच.

कार्बॉयची गोष्ट

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्याकडे तीन मुलींचे प्रोजेक्ट एकाच आठवड्यात बसले. एकीची तुळस, एकीची पेरूची पानं, एकीची डाळिंबाची साल. तिघींचाही रंग फिका, तिघींच्याही फ्लास्कमध्ये धुरकटपणा, आणि तिघींच्याही प्लेटवर शुकशुकाट. सुट्टीच्या आधी हेच प्रयोग व्यवस्थित चालले होते. दोन दिवस आम्ही पानं बदलली, सिल्व्हर नायट्रेटची नवी बाटली फोडली, तापमान वर-खाली केलं. तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं की तिघींची पानं वेगळी आणि दुखणं एक, तर तिघींत सामायिक काय आहे ते बघावं. सामायिक होता कोपऱ्यातला वीस लिटरचा कार्बॉय, म्हणजे पाणी साठवायचा नळ असलेला कॅन. वर मार्करने "डिस्टिल्ड" लिहिलेला.

एक टेस्ट ट्यूब घेतली. आधी ती धुवायला निघालेल्या मुलीला थांबवलं, कारण ती नळाखालीच धरणार होती. कार्बॉयमधल्या पाण्यानेच तीनदा विसळली, मग त्यात १० मिली पाणी घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब सोडले. मागे काळा कार्डपेपर धरला. थेंब पडला तिथून पांढरा धूर खाली उतरत गेला आणि ट्यूब हलवल्यावर सगळं पाणी निवळसर ताकासारखं दिसायला लागलं. खिडकीत ठेवलं तर तासाभरात त्यावर जांभळट-राखाडी झाक आली. सिल्व्हर क्लोराइड, दुसरं काही नाही.

झालं असं होतं की डिस्टिलेशन युनिटची कॉइल सुट्टीत गेली होती. कार्बॉय रिकामा पडायला नको म्हणून लॅब अटेंडंट मामांनी तो पॅसेजमधल्या पिण्याच्या आरओच्या पाण्याने भरून ठेवला होता. मामांना बोलायला जागाच नव्हती. "कार्बॉय रिकामा ठेवायचा नाही" हे आम्हीच त्यांना सांगितलेलं. त्या दिवसापासून कार्बॉयच्या नळाला दोऱ्याने एक ड्रॉपर बाटली बांधलेली असते, सिल्व्हर नायट्रेटची, काळ्या कागदात गुंडाळलेली. सकाळी पहिलं पाणी घेणाऱ्याने दोन थेंबांची चाचणी करायची आणि वहीत सही करायची.

एवढं कशाला, असं वाटत असेल तर हिशेब करून बघा. क्लोराइडचा मोल ३५.५ ग्रॅमचा. म्हणजे लिटरला ३५ मिलिग्रॅम क्लोराइड असलेलं पाणी हे जवळपास १ मिलिमोलर क्लोराइड झालं. तुमचं सिल्व्हर नायट्रेटही १ मिलिमोलर. एकास एक! अशा पाण्यात द्रावण केलं तर जवळजवळ सगळी चांदी क्लोराइडमध्ये जाऊन बसते, अर्काच्या वाट्याला येते ती उरलीसुरली. आणि ३५ म्हणजे काही खारं पाणी नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादाच लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे चांदीच्या सातपट. बोअरवेलचं पाणी असेल तर विचारूच नका. आरओचं पाणी नळापेक्षा बरं, पण पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी मुद्दाम थोडे क्षार राहू देतात. जिभेला जे गोड लागतं ते चांदीला चालत नाही.

मीठ इतर कुठून येतं

पाणी निर्दोष निघालं तर बाकीच्या वाटा तपासायच्या. काचेची भांडी डायल्यूट हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ठेवायची सवय कित्येक लॅबमध्ये आहे. या कामासाठी ती वाईट. डायल्यूट नायट्रिक आम्ल वापरा, मग डिस्टिल्ड वॉटरने तीन-चारदा विसळा. आधीच्या बॅचचा करडा आरसा फ्लास्कच्या आत चिकटलेला असतो, तोही नायट्रिकनेच निघतो. नाही काढला तर नव्या बॅचची चांदी त्याच आरशावर जाऊन बसते.

पीएच कमी करायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरणारे तर दरवर्षी भेटतात. नायट्रिक घ्या. आणि पीएच मीटरचा इलेक्ट्रोड चांदीच्या द्रावणात बुडवू नका, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्या इलेक्ट्रोडच्या पोटात पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त किंवा ३ मोलर द्रावण असतं आणि ते टोकातून थोडं थोडं झिरपत राहणं हाच त्याच्या कामाचा भाग आहे. तुमच्या फ्लास्कमध्ये क्लोराइड जातं ते जातंच, वर इलेक्ट्रोडचं सच्छिद्र टोक सिल्व्हर क्लोराइडने बुजतं आणि मग पुढचा महिनाभर सगळ्या लॅबचं बफर चुकतं. पीएच लावायचा तो अर्काचा लावा, चांदी घालण्याआधी. नंतर बघायचाच असेल तर पीएच पेपरवर एक थेंब टाका.

तिसरी वाट सलाइनची. कण पातळ करायला ०.८५ टक्के सलाइन किंवा फॉस्फेट बफर सलाइन घेतात, कारण मायक्रोबायोलॉजीत हात आपोआप सलाइनच्याच बाटलीकडे जातो. ०.८५ टक्के म्हणजे १४५ मिलिमोलर क्लोराइड. कणांवरचा विद्युतभार त्यात झाकला जातो आणि ते गोळा होऊ लागतात. पिवळट द्रावण डोळ्यांदेखत राखाडी होतं. पातळ करायचं तर डिस्टिल्ड वॉटरनेच.

राहिलं पानातलं मीठ. पाणी, काच, आम्ल सगळं सांभाळलं तरी वनस्पतीच्या पेशीत स्वतःचं क्लोराइड असतं आणि पानं उकळली की ते अर्कात येतं. खारफुटीची पानं घेतली तर भरपूर येतं; कोकणातल्या मुलांना तिवर हाताशी असते म्हणून ती निवडली जाते आणि मग गाळाचं कोडं पडतं. हे ओळखायची खूण एक्सआरडीत, म्हणजे स्फटिक ओळखायच्या क्ष-किरण चाचणीत, मिळते. धातूरूप चांदीची शिखरं कॉपर के-अल्फावर (नेहमीच्या तांब्याच्या क्ष-किरणांवर) २-थीटा कोनात ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांना येतात. त्यांच्या जोडीला २७.८, ३२.२ आणि ४६.२ ला टोकदार शिखरं दिसली तर ती सिल्व्हर क्लोराइडची. प्रबंधांत याच शिखरांवर चांदणी काढून खाली "वनस्पतीतील स्फटिकी जैव-सेंद्रिय घटक" असं लिहून मोकळं व्हायची पद्धत पडली आहे. मला तो मजकूर वाचला की हसू येतं. पॉलिफेनॉलचे असे टोकदार स्फटिक पडत नाहीत, आणि पडले असते तर प्रत्येक वनस्पतीचे वेगळ्या जागी पडले असते.

पानात क्लोराइड आहे की नाही हे अर्कात थेट सिल्व्हर नायट्रेट टाकून नीट कळत नाही, कारण अर्क स्वतःच रंगीत आणि गढूळ. म्हणून काम सोपं करा: धुतलेले कण घ्या, त्यावर डायल्यूट अमोनिया घाला, हलवा, सेंट्रीफ्यूज करा (वेगाने फिरवून कण तळाला बसवा). सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळतं. वरचं स्वच्छ पाणी वेगळं काढून नायट्रिकने आम्लीय केलं की ते पुन्हा पांढरं होतं. ही ट्यूब लगेच आम्लीय करून संपवायची, अमोनियासकट स्टँडमध्ये ठेवून घरी जायचं नाही.

अर्क शिळा असेल तर

याबद्दल थोडक्यात. अर्क फ्रिजमध्ये आठवडाभर, त्यापुढे नाही. तळाशी तंतू दिसले की बुरशी आली, ओतून द्या. पावसाळ्यातली कोवळी, पाण्याने भरलेली पानं आणि एप्रिलमधली जून पानं यांचा अर्क सारखा नसतो, म्हणून एकाच झाडाची पानं एकदाच भरपूर तोडून सावलीत वाळवून पूड करून ठेवा. वर्षभराच्या प्रोजेक्टला एक पूड. एवढं केलं तरी "मागच्या वेळी जमलं, या वेळी नाही" हे रडगाणं बरंच कमी होतं.

काल छान होतं, आज तळाला काळा गाळ

याचा अर्थ कण झाले होते, टिकले नाहीत. पांघरूण अपुरं पडलं. अर्क १० मिलीऐवजी ५ मिलीच घातला असेल तर पुरता घालून बघा, द्रावण उन्हात किंवा खिडकीत ठेवलं होतं का ते आठवा. पण जास्त वेळा हा गाळ आपणच करतो, धुताना आणि वाळवताना. पेलेट, म्हणजे सेंट्रीफ्यूजमध्ये तळाला बसलेला कणांचा गोळा, तीनदा धुतला तर सैल झालेलं आवरण पाण्याबरोबर निघून जातं. मग तो पेलेट ओव्हनमध्ये ६० अंशांवर वाळवून, खलून, पूड केली जाते, कारण "पावडर फॉर्म" दाखवायचा असतो. ती पूड पुन्हा पाण्यात टाकली की ती वाळूसारखी खाली बसते. कितीही सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी हलवा), एकदा जोडलेले कण पूर्वीसारखे सुटत नाहीत. ही वाळू वेलमध्ये घालून झोनची वाट बघणं म्हणजे दारात रांगोळी काढून पोस्टमनची वाट बघण्यासारखं.

प्लेटसाठी कण ओलेच ठेवा. एक-दोनदा धुवा, थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये घ्या, अंधारात ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका. निर्जंतुक करायचं म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, त्यातही गोळे होतात. अर्कच आधी बारीक फिल्टरमधून गाळा आणि निर्जंतुक भांड्यात काम करा. पूड एक्सआरडीला लागेल तेवढीच करा.

वेलमध्ये चांदी होती तरी किती?

प्रोजेक्टच्या वहीत मला सर्वांत खटकणारी ओळ ही: "१०० मिग्रॅ/मिली नॅनोकण वापरले." कुठून आणले?

१ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट म्हणजे लिटरला १०८ मिलिग्रॅम चांदी. ९० मिलीत झाली ९.७ मिलिग्रॅम. शंभर टक्के चांदीचं रूपांतर झालं, एक कणही वाया गेला नाही, तरी १०० मिलीच्या बॅचमधून दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त चांदी निघूच शकत नाही. तरी मुलं ८० मिलिग्रॅम पूड आणून दाखवतात आणि खूश असतात. त्यातले सत्तर मिलिग्रॅम पानाचा चोथा, नाहीतर सिल्व्हर क्लोराइडची भर. मग त्या पुडीच्या वजनावर मांडलेली सगळी मात्रा चुकते.

बॅच न धुता सरळ वेलमध्ये घातली तर मिलीला ९७ मायक्रोग्रॅम चांदी, आणि १०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये फार तर १० मायक्रोग्रॅम. जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या डिस्कमध्येही (कागदी चकतीतही) १० मायक्रोग्रॅमच असतं, मग तिथे एवढा मोठा झोन कसा, असं कोणी विचारलं तर तो फार चांगला प्रश्न आहे. जेंटामायसिनचा रेणू अगारमधून सुखाने पसरतो. नॅनोकण त्या जाळीत अडकतो. बाहेर पडते ती त्याच्यापासून सुटणारी आयनरूप चांदी, आणि तिला वाटेत प्रथिनांचे गंधकवाले गट आणि मीठ पकडतात. म्हणून झोन लहान येणं हे कण निकामी असल्याचं लक्षण नाही. दोन-तीन मिलिमीटरची स्वच्छ कडा दिसली तरी मी ती गंभीरपणे घेते. झोन मोजताना वेलचा व्यास धरला की वगळला, तेवढं लिहा म्हणजे झालं.

प्लेट

आता ज्या प्लेटपासून सुरुवात झाली तिच्याकडे. यंदाच्या मुलीची प्लेट मी हातात घेतली तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती वजन. हलकी होती. कडेने बघितलं तर अगार जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये ४ मिलिमीटर जाडी हवी असेल तर २५ मिली अगार लागतं. माध्यम पुरवायचं म्हणून तिने १५ ओतलं होतं. आता ६ मिलिमीटरच्या कॉर्क बोररने वेल पाडली तर ४ मिलिमीटर जाडीत तिच्यात ११० मायक्रोलिटर मावतात. तिच्या पातळ अगारमध्ये ६५-७० मावत होते आणि ती घालत होती १००. वरचं पृष्ठभागावर सांडत होतं, आणि वेल पाडताना तळ थोडा उचलला गेल्याने काही अगारखाली पसरत होतं. प्लेट उलटी करून बघितली तर वेलभोवती तपकिरी डाग चांदण्यांसारखे फाकलेले. वेल पाडल्यावर तिच्या तळाला वितळलेल्या अगारचा एक थेंब सोडायचा, तो गोठला की मग नमुना घालायचा, हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं. माझीच चूक म्हणायची.

दुसरी गोष्ट माध्यमाची. तिने न्यूट्रिअंट अगार घेतलं होतं. त्यात लिटरला ५ ग्रॅम मीठ असतं, ८५ मिलिमोलर. चांदीसाठी हा समुद्रच. म्युलर-हिंटनमध्ये वेगळं मीठ घातलेलं नसतं, केसिनच्या हायड्रोलायझेटमधून येईल तेवढंच. म्हणून आणि बाकीच्यांशी तुलना करता यावी म्हणूनही तेच वापरा.

तिसरी, जिवाणूंची गर्दी. रात्रभर वाढवलेला ई. कोलाय या जिवाणूचा ब्रॉथ (पातळ माध्यम) सरळ स्वॅबने फासला की पहाटेपर्यंत सतरंजी अंथरल्यासारखी वाढ होते आणि छोटा झोन तिच्याखाली गुडूप. सस्पेन्शनचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड मानकाशी जुळवा, मिलीला सुमारे १५ कोटी पेशी. मानक विकत घ्यायची गरज नाही: १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिली आणि १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिली, बसतं झाकण लावून अंधारात ठेवा, वापरण्याआधी जोरात हलवा. जुळवलेलं सस्पेन्शन पंधरा मिनिटांत वापरून टाका.

झोनच्या भरवशावर न राहता ब्रॉथमध्ये एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढा, हे मी प्रत्येकाला सांगते आणि निम्मे जण टाळतात. तिथे कणांना अगारमधून चालत जावं लागत नाही, जिवाणूच त्यांच्याजवळ असतात. कणांच्या रंगामुळे गढूळपणा डोळ्यांनी कळत नाही ही अडचण खरी आहे. म्हणून प्रत्येक मात्रेला जिवाणूंविना एक विहीर (प्लेटमधला खळगा) ठेवा, आणि शेवटी प्रत्येक विहिरीतला थोडा नमुना ताज्या प्लेटवर टेकवा. दुसऱ्या दिवशी वाढ झाली की नाही, एवढंच बघायचं.

उलटा आजार

काहींच्या बाबतीत याच्या उलट घडतं. झोन मोठा, गोल, सुंदर, आणि फोटो लगेच व्हॉट्सॲपच्या स्टेटसला. तेव्हा मी विचारते, नुसत्या १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटची वेल कुठे आहे? बहुधा नसते. अभिक्रिया अर्धवट झाली असेल तर द्रावणात आयनरूप चांदी शिल्लक असते आणि ती एकटीच जिवाणू मारायला पुरते. कौतुक कणांचं होतं, काम नायट्रेटने केलेलं असतं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. बॅच जोरात सेंट्रीफ्यूज करा, वरचं पाणी वेगळ्या ट्यूबमध्ये घ्या आणि त्यात मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाका. पांढरं झालं तर चांदी उरली आहे. आणखी वेळ द्या किंवा अर्क वाढवा. स्वच्छ राहिलं तर पुढे जा. तेच वरचं पाणी एका वेलमध्येही घाला. त्याचाही झोन आला तर कणांबद्दल काही लिहायची घाई नको. म्हणजे एका प्लेटवर पाच वेली झाल्या: धुतलेले कण, वरचं पाणी, नुसता अर्क, नुसतं सिल्व्हर नायट्रेट, नुसतं डिस्टिल्ड वॉटर. मध्ये अँटिबायोटिकची डिस्क.

यंदाच्या त्या मुलीने तुळसच ठेवली. पाणी तपासलं, फ्लास्क नायट्रिकने धुतले, २५ मिली म्युलर-हिंटन ओतलं. स्टॅफिलोकोकस या जिवाणूवर तिला वेल सोडून अडीच मिलिमीटरची कडा मिळाली, ई. कोलायवर थोडी जास्त, अर्काच्या आणि वरच्या पाण्याच्या वेलीभोवती काही नाही. "एवढाच?" म्हणाली. मी म्हटलं, एवढाच, पण तुझा आहे.

जाता जाता, चांदीचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. एका वेगळ्या बाटलीत सगळं जमा करा आणि त्यात मूठभर साधं मीठ टाका. आठवड्याने वरचं पाणी निवळतं, खाली पांढऱ्या-जांभळ्या थरात चांदी बसलेली असते. बाटलीवर नाव-तारीख लिहा आणि झाकण घट्ट लावा. आणि ती बाटली कार्बॉयपासून लांब ठेवा.